मोटर वाइंडिंग, गॅरेज, फ्रिज-एसी : मिस्त्री कुठून आणायचे आणि कसे घडवायचे?

वाइंडिंगवाला_सांगली :
राम राम मंडळी. सांगलीत मिरज रोडला माझं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तार परत भरायचं, आणि पंप दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, वडिलांनी सुरू केलेलं. धागा काढायचं कारण म्हणजे दुरुस्तीच्या धंद्यातला कुणीही भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "माणूस मिळंना". कामाला कमी नाही. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांचं पाणी दुष्काळी पट्ट्यात पोचलं तशा मोटरी वाढल्या, आणि कमी व्होल्टेज, मध्येच तीन फेजांपैकी एक जाणं हे आहेच, म्हणजे जळणाऱ्या मोटरीपण वाढल्या. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षवाले फवारणीचे ब्लोअर घेऊन दारात उभे. ज्या जिल्ह्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, जिथले पंप देशभर जातात, तिथं पंप दुरुस्त करणारा हात मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं.

आपण सगळे करतो काय, तर शेजारच्या दुकानातला तयार मिस्त्री दोन-तीन हजार जादा आणि वर उचल देऊन ओढतो. काही महिन्यांनी तिसरा कोणतरी त्याला आपल्याकडनं ओढतो. मिस्त्रीचा भाव वाढला, वाढू दे, त्याचा हक्कच आहे, पण सांगली-मिरज-कुपवाडमधले एकूण मिस्त्री तेवढेच राहिले की. नवीन कुणी घडवतच नाही. माझं स्पष्ट मत झालंय की तयार माणूस शोधायचा नाद सोडून प्रत्येक दुकानानं दरवर्षी एक तरी पोरगं शिकायला घेतलं पाहिजे, पगार देऊन, आणि शिकवायचं म्हणजे खरंच शिकवायचं, दोन वर्षं चहा आणायला आणि वार्निशचे डबे घासायला लावायचं नाही.

तुमच्याकडं काय चाललंय? पोरं कुठून आणता, कसं शिकवता, काय देता, मोकळेपणानं लिहा. गॅरेजवाले, फ्रिज-एसीवाले, वेल्डिंगवाले सगळ्यांनीच.

कराडचा_गॅरेजवाला :
चांगला विषय काढला भाऊ. टू-व्हीलर गॅरेज आहे माझं. आमच्यात १ एप्रिल २०२० पासून सगळं बदललं, प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि बहुतेक नव्या गाड्यांचा कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. आधी पोरगं आवाजावर शिकायचं, एअर स्क्रू अर्धा आटा फिरवला की इंजिन कसं बोलतं ते कानाला कळायचं. आता स्कॅनर लावायचा, फॉल्ट कोड वाचायचा, मग सेन्सर खराब आहे का नुसती वायर तुटलीय ते मल्टिमीटरनं बघायचं. हाताला चांगली असणारी पोरं मीटर दिसला की मागं सरकतात, आणि मीटर येणारी डिप्लोमावाली पोरं हात काळे करायला तयार नाहीत.

दुसरी गोष्ट कुणी उघड बोलत नाही ती मी बोलतो. "पोरगं गॅरेजला आहे" म्हटलं की सोयरीक जुळत नाही. कंपनीत बारा-तेरा हजारावर कंत्राटी असला तरी "कंपनीत आहे" म्हणून मुलगी देतात, आणि गॅरेजमध्ये त्याच्या दीडपट कमावणाऱ्याला नाही म्हणतात. आईबाप पोराला घालायलाच तयार नाहीत तर शिकवणार कुणाला?

चाकणला_गेलोय :
मी मालक नाही, कामगार आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. गाव विट्याजवळ. आयटीआय इलेक्ट्रिशियन झाल्यावर आपल्याच भागातल्या एका वाइंडिंगच्या दुकानात लागलो होतो, नाव घेत नाही. कामाची आवड होती म्हणून गेलो होतो, कुणी ढकललं नव्हतं.

तिथं वस्तादांची एक डेटा वही होती. कुठल्या मेकच्या, किती एचपीच्या मोटरला किती स्लॉट, कुठल्या गेजची तार, एका कॉईलला किती टर्न, पिच किती, कॉईली जोडायची पद्धत स्टार का डेल्टा, सगळं त्यात. वस्ताद टर्न मोजायला लागले की आमच्याकडं पाठ करून बसायचे आणि वही गल्ल्यात कुलपात. मी जळालेल्या कॉईल तोडायच्या, स्लॉट घासायचे, पेपर कापून द्यायचा, संपलं. एकदा जळक्या कॉईलचे टर्न मोजून हातावर पेनानं लिहून ठेवले तर बोलणी खाल्ली. सुट्टी विचारली की तोंड वाकडं, रात्री शेतकरी आला की रात्री पण थांबायचं, आणि पगार कधी वाढणार याला उत्तर "बघू की".

चाकणला आठ तासाची पाळी आहे, बस आहे, कॅंटीन आहे. काम रोज तेच, एक बोल्ट टाइट करायचा. कंत्राट संपलं की पुन्हा धाकधूक. शिकायला काहीच मिळत नाही हे मला कळतं, तरी इथं हाय. मालक लोकांनी एवढंच सांगावं, काय आलं की किती मिळणार हे कागदावर लिहून द्याल का, आठवड्याची सुट्टी द्याल का, आणि वही उघडी ठेवाल का? असं दुकान दाखवा, मी पहिल्या एसटीनं परत येतो.

वाइंडिंगवाला_सांगली :
@चाकणला_गेलोय, राग कसला, तुम्ही मुद्द्याचं बोललात. आमच्याकडं वही टेबलावर उघडीच असते आणि ती लिहायचं कामच शिकाऊ पोराचं असतं. मोटर खोलली की तोडायच्या आधी त्यानं नोंद करायची, कनेक्शनचं चित्र काढायचं, एक कॉईल सबंध सोडवून टर्न मोजायचे, मायक्रोमीटरनं तार मोजायची. त्याला कळतं की वही अशीच बनलीय, आकाशातनं पडलेली नाही. जो वही लपवतो त्याला वाटतं पोरगं शिकलं की समोर दुकान टाकेल. टाकू दे की! मिरज ते पलूस एवढ्या मोटरी आहेत, अजून दहा दुकानं निघाली तरी पुरणार नाहीत.

आता मी पोराला पहिल्यांदा काय शिकवतो ते सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळं इथंच आहे. आपण सुरुवात हातापासून करतो, मी डोळ्यापासून करतो. जळालेला स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा, कॉईली भरलेला भाग, त्याच्यापुढं ठेवायचा आणि विचारायचं, ही जळली कशानं? स्टारमधली मोटर एक फेज जाऊन जळली असली तर दोन फेजच्या कॉईली काळ्याठिक्कर आणि तिसरीच्या जशाच्या तशा लालसर. डेल्टामधली असली तर उलटं, एकाच फेजच्या जळालेल्या आणि दोन चांगल्या. तिन्ही सारख्या करपल्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज नाहीतर पंप जाम. एकाच जागी तार वितळून खड्डा पडलाय तर तिथं इन्सुलेशन फाटलं. हे चार-पाच स्टेटर शेजारी शेजारी मांडून दाखवले की पोराचे डोळे उघडतात, मी बघितलंय. आणि याचा उपयोग लगेच होतो, कारण शेतकऱ्याला नुसती भरून दिलेली मोटर तोच पुन्हा त्याच सैल फ्यूजवर लावणार आणि पंधरा दिवसात पुन्हा घेऊन येणार. कारण सांगितलं, एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवायला लावला, की तो माणूस कायमचा आपला.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडं भिंतीवर कागद लावलाय. बेअरिंग पुलरनं न ठोकता काढून परत बसवता आलं, एक टप्पा. मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र असलेला) सबंध खोलून जोडून मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणि टाँग टेस्टरचं (करंट मोजायचा चिमटा) रीडिंग लिहून दिलं, दुसरा. पाच एचपीपर्यंतचा स्टेटर एकट्यानं भरला, तिसरा. सबमर्सिबल जमली, चौथा. टप्पा आला त्या महिन्यापासून पगार वाढला, मागायला लागत नाही. सबमर्सिबल शेवटी का, तर पाण्याची मोटर वेगळी जात आहे, तिला पीव्हीसीची तार लागते, वार्निश नाही, तार ओढताना जरा नख लागलं तरी पाण्यात गेल्यावर शॉर्ट, म्हणून हात बसल्याशिवाय देत नाही.

मिरजेचा_जुना_वस्ताद :
सगळं पटलं पण एक सांगतो, घाई नको. हल्ली तीन महिन्याचा कोर्स करून पोरं सर्टिफिकेट घेऊन येतात आणि मिस्त्रीचा पगार मागतात. आमच्या मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे, भोपळा निवडण्यापासून जवारी काढण्यापर्यंत (घोडी घासून सूर खुलवण्यापर्यंत) पोरगं वर्षानुवर्षं बापाशेजारी बसतं तेव्हा त्याच्या हातनं सतार निघते. आता मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकनपण मिळालं. मोटरीचं काम तेवढं नाजूक नसेल पण शेजारी बसल्याशिवाय येत नाही हे तितकंच खरं.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटाच्या वर गेलं होतं, आठवत असेल. पाणी उतरल्यावर गावातली प्रत्येक मोटर, प्रत्येक फ्रिज, मिक्सर दारात. अर्धवट शिकलेल्या पोरांनी सरसकट सांगितलं, जळाली, भरायला लागणार. अरे पाण्यात बुडताना लाईट बंद होती तर जळेल कशी? गाळ धुवायचा, बेअरिंग बदलायची, उन्हात नाहीतर बल्ब लावून नीट वाळवायची, मेगर लावून बघायचं, एक मेगओमच्या वर आली की चालू. कितीतरी मोटरी नुसत्या वाळवून चालल्या. ज्याचं घर बुडालंय त्याच्याकडनं वाइंडिंगचे पैसे घ्यायचे, हे पाप आहे. पोराला वायर जोडायच्या आधी हे शिकवा.

तासगाव_बागायतदार :
मी गिऱ्हाईक म्हणून बोलतो. शिकवा तुम्ही, पण शिकाऊ पोरगं एकटं शेतावर पाठवू नका हो. फुलोऱ्यात बाग असताना ब्लोअर बंद पडला आणि आभाळ आलं तर एका रात्रीत डाऊनी (बुरशीचा रोग) येते, वर्षाचं पीक जातं. अशा वेळी एका दुकानातनं पोरगं पाठवलं, त्यानं पंपाचे व्हॉल्व्ह उलटे बसवले आणि प्रेशरच तयार होईना, त्यालाही कळंना का ते. फवारणी दुसऱ्या दिवशी झाली. त्या पोराला मी बोललो नाही, घाबरलं होतं बिचारं, फोन लावत होतं तर वस्ताद उचलत नव्हता. चूक पाठवणाऱ्याची.

वाइंडिंगवाला_सांगली :
@तासगाव_बागायतदार, शंभर टक्के बरोबर. शिकायचं ते भंगारातल्या स्टेटरवर. भंगारवाल्याकडं किलोवर जुने स्टेटर मिळतात, ते पोरानं भरायचे, तोडायचे, परत भरायचे. गिऱ्हाइकाच्या मोटरीला हात लावला तरी बाहेर जाताना माझ्यासमोर चालवून, तिन्ही फेजचा करंट सारखा आहे का बघून, सही करून जाते. आणि शेतावर पहिलं वर्षभर जोडीनंच, यात कुणी तडजोड करू नये.

शिल्पनिदेशक_सातारा :
मी सातारा जिल्ह्यातल्या एका शासकीय आयटीआयमध्ये शिकवतो. थोडी माहिती देतो, कारण बऱ्याच छोट्या मालकांना वाटतं की अप्रेंटिस म्हणजे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम.

शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ घेणं बंधनकारक, आणि ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक, म्हणजे तुम्ही मनात आणलं तर घेऊ शकता. तेव्हा किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ५ ते ९ हजार ठरलं होतं, आयटीआय झालेल्याला ७ हजार, दुसऱ्या वर्षी त्यात वाढ. केंद्राच्या शिकाऊ प्रोत्साहन योजनेत, २०१६ साली सुरू झालेल्या, विद्यावेतनाचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये सरकार देतं आणि आता ते थेट पोराच्या खात्यात जमा होतात. सरकारच्या अप्रेंटिस पोर्टलवर मालक आणि शिकाऊ यांचा करार नोंदवावा लागतो. @चाकणला_गेलोय यांनी कागद मागितला, तो कागद म्हणजे हाच करार.

ज्यांच्याकडं चार-पाचच माणसं आहेत ते म्हणतील आम्ही सगळं काम कसं शिकवणार. या कायद्यात एक तरतूद आहे जिच्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन आपापले शिकाऊ एकमेकांच्या आस्थापनेत फिरवून प्रात्यक्षिक शिकवलं तरी चालतं. म्हणजे एकाकडं मोनोब्लॉक जास्त येतात, दुसऱ्याकडं सबमर्सिबल, तिसऱ्याकडं स्टार्टर पॅनलची कामं, तर पोरगं तिन्हीकडं फिरलं पाहिजे. आपल्याकडं ऊस तोडणीला टोळी जमते तर शिकवायला चार दुकानं जमायला काय हरकत आहे?

आणखी एक. इलेक्ट्रिशियन ट्रेड दोन वर्षांचा आहे, मोटर वाइंडिंग त्यात दुसऱ्या वर्षी येतं. २०२२ च्या अभ्यासक्रमापासून दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण नाहीतर गट प्रकल्प करावा लागतो. आमची मुलं त्या १५० तासांसाठी जागा शोधत असतात, आणि तुम्ही माणूस शोधताय. पास झाल्यावर मुलं कॅम्पसमध्ये कंपन्यांकडं जातात, तेव्हा येऊन उपयोग नाही, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच या.

एक विनंती कळकळीची. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे आणि धोक्याच्या कामाला १८ पूर्ण पाहिजेत. "गरीब आहे, शिकेल" म्हणून शाळा सोडलेलं पोरगं ग्राइंडरवर उभं करू नका. कर्मवीर अण्णांनी याच मातीत कमवा आणि शिका सांगितलं, त्यात शिका हा शब्द पुसला गेला तर उरतं काय?

सातारची_फ्रिजवाली :
ताई-दादांनो, या धाग्यात अजून एकही बाई बोललेली दिसली नाही म्हणून लिहिते. मी आणि माझे मिस्टर फ्रिज-एसी दुरुस्ती करतो. बाहेरची कामं ते बघतात, पीसीबीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं, टेबल माझं. इन्व्हर्टर एसी आल्यापासून निम्म्याच्या वर तक्रारी बोर्डाच्या असतात. कंपनीवाले म्हणतात अख्खा बोर्ड बदला, आणि बऱ्याच वेळा आत एखादा कपॅसिटर फुगलेला असतो, रिले चिकटलेला असतो नाहीतर पालीमुळं शॉर्ट झालेलं असतं.

या टेबलाला मी दोन मुली घेतल्या, एक बीएस्सी झालेली, एक बारावी. सोल्डरिंगला हात इतका स्थिर की बघत राहावं. आणि @कराडचा_गॅरेजवाला दादा, मीटरला त्या अजिबात घाबरत नाहीत. तुमचा स्कॅनर आणि वायरिंगचं काम एखाद्या मुलीला देऊन बघा. मात्र आधी घरी जाऊन आईवडिलांना भेटायला लागतं, दुकान दाखवायला लागतं, वेळ सहाच्या पुढं जाणार नाही हा शब्द द्यायला आणि पाळायला लागतो, आणि दुकानात स्वच्छ बाथरूम पाहिजे. एवढं केलं की माणूस मिळतो.

आमच्यात सुरक्षिततेचं मात्र पहिल्या दिवसापासून कडक आहे. आता घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा. सिस्टीम पूर्ण रिकामी केल्याशिवाय टॉर्च पेटवला तर भडका उडतो. जुने मिस्त्री आर-१३४ए वर शिकलेले, त्याला आग लागत नाही, त्यामुळं त्यांना ही भीतीच नाही. तेव्हा नवीन पोरांबरोबर जुन्यांनापण परत शिकायला बसवा.

कराडचा_गॅरेजवाला :
ताई, हा विचार कधी केला नव्हता. वायरिंग आणि स्कॅनरच्या कामाला वेगळी जागा करता येईल, आतल्या खोलीत. गावातल्याच एक-दोन मुली डोक्यात आल्या, त्यांच्या घरी बोलतो.

चाकणला_गेलोय :
निदेशक सर, माझा आयटीआय होऊन बरीच वर्षं झाली, मला आता अप्रेंटिस लागू होईल का? आणि @वाइंडिंगवाला_सांगली, भिंतीवरचा तो कागद खरंच आहे का? असेल तर फोटो टाका, आमच्या रूमवर अजून तिघं आहेत सांगली साताऱ्याचे, त्यांना दाखवतो.

शिल्पनिदेशक_सातारा :
तुम्ही आधी काम केलेलं आहे, तुम्ही शिकाऊ म्हणून नको, थेट कामगार म्हणून टप्पा ठरवून लागा. तुमच्या वस्तादानं शिकवलं नाही तरी तुम्ही बघून बरंच शिकलेले असणार, वाइंडिंगवाल्यांनी एक स्टेटर पुढं ठेवून परीक्षा घ्यावी आणि त्याप्रमाणं पगार धरावा.

वाइंडिंगवाला_सांगली :
मान्य. कागदाचा फोटो संध्याकाळी दुकान बंद करताना टाकतो, टप्प्याच्या आकड्यांसकट. सुट्टीला गावी याल तेव्हा या, चौघं या, चार स्टेटर मांडून ठेवतो.

निदेशक सर, एकत्र फिरवायचं तुम्ही म्हणालात ते मनात बसलंय. मिरज रोडची आणि कुपवाडची मिळून आम्ही पाच-सहा दुकानवाले बसतो आणि कुणाकडं काय शिकवायचं ते वाटून घेतो. एक अट सगळ्यांनी पाळायची, शिकत असलेलं पोरगं एकमेकांनी ओढायचं नाही, आणि शिकून झाल्यावर ते जिथं जाईल तिथं जाऊ द्यायचं, कुणी कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. तुमच्याकडं दुसऱ्या वर्षाची बॅच कधी सुरू होते ते कळवा, मी येतो भेटायला.

शिल्पनिदेशक_सातारा :
जरूर या. दुपारी दोननंतर वर्कशॉपचा तास असतो, तेव्हा आलात तर मुलांशी बोलता येईल. आणि येताना जळालेले ते चार-पाच स्टेटर घेऊन या. आमच्याकडं सरावाच्या मोटरी आहेत, पण शेतावर खरोखर जळालेली मोटर बऱ्याच मुलांनी पाहिलेलीच नाही.

तासगाव_बागायतदार :
माझ्या विहिरीवर एक साडेसात एचपीची जळकी पडलीय, ती पण न्या. पैसे नकोत.